'उत्कृष्ट प्रकल्प' पुरस्कार मिळाला, म्हणजे नेमकं काय झालं? (बीड, वॉटर कप आणि ट्रॉफीचं गणित)

ज्यांचं नेट एपिसोड अर्धा झाला की गोल गोल फिरायला लागतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला एपिसोड. बोलण्यातले 'अं' आणि खोकणं तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यापैकीच एकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून सुचला. एका मोठ्या इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीने आपल्या वार्षिक पुरस्कारांची पोस्ट टाकली होती. 'उत्कृष्ट पायाभूत सुविधा प्रकल्प', 'उत्कृष्ट विकास प्रकल्प' वगैरे. काचेची ट्रॉफी, सूट, मागे मोठा बॅनर. आणि खाली प्रश्न होता, "दादा, हे पुरस्कार कोण कुणाला देतं? आणि मिळाला म्हणजे काम चांगलं आहे असं धरायचं का?"

पहिल्या भागाचं उत्तर पटकन देतो. कन्सल्टन्सी म्हणजे जी कंपनी रस्ता, पूल, धरण, पाणीपुरवठा योजना यांचा अभ्यास करते, डिझाइन करते, कधी कधी कामावर देखरेख ठेवते. फावडं ठेकेदाराचं, नकाशा हिचा. अशा कंपन्यांचे वार्षिक पुरस्कार बहुतेक वेळा स्वतःच्याच प्रकल्पांना आणि स्वतःच्याच टीमना असतात. ज्या टीमने काम केलं तीच अर्ज भरते, फोटो जोडते, आकडे देते, आणि एक समिती ते वाचून निवड करते. यात गैर काही नाही. कारखान्यात 'बेस्ट कामगार' निवडतात तसंच हे. याशिवाय संघटनांचे, मासिकांचे, सरकारचे पुरस्कार असतात. त्यातल्या काहींना अर्जाबरोबर फी भरावी लागते, समारंभाचं टेबल बुक करावं लागतं. तेही चालतं जगभर.

खरी गंमत दुसऱ्या भागात आहे. काम चांगलं आहे असं धरायचं का? हे समजून घ्यायला मला मुंबईच्या हॉटेलातल्या समारंभात जायची गरज वाटत नाही. आपल्या बीड जिल्ह्यातच एक असा पुरस्कार होऊन गेला, ज्यात मार्क कसे पडणार हे आधी सांगितलं होतं, मोजायला बाहेरची माणसं आली होती, आणि ज्याने पुरस्कार दिला त्यानेच नंतर परीक्षेचा पेपर बदलला. सत्यमेव जयते वॉटर कप. बीड म्हटलं की हल्ली टीव्हीवर दुसऱ्याच बातम्या असतात, म्हणून ही गोष्ट नीट सांगावीशी वाटते.

थोडी पार्श्वभूमी. 'सत्यमेव जयते' या टीव्ही कार्यक्रमाच्या टीमने, आमिर खान आणि किरण राव यांच्या पुढाकाराने, 2016 मध्ये पानी फाउंडेशन सुरू केलं. सत्यजित भटकळ त्याचे प्रमुख, आणि साताऱ्याचे डॉ. अविनाश पोळ, जे पेशाने दातांचे डॉक्टर, ते सोबतीला. पहिल्या वर्षी फक्त 3 तालुके घेतले: अमरावतीतलं वरूड, साताऱ्यातलं कोरेगाव आणि आपलं अंबाजोगाई. गावं 116. 20 एप्रिल ते 5 जून, साधारण 45 दिवस. पावसाच्या आधी आपल्या शिवारात पाणी अडवायची जास्तीत जास्त आणि चांगली कामं करायची, पहिलं बक्षीस 50 लाख.

पहिला नंबर कोरेगावच्या वेळू गावाने काढला. दुसऱ्या नंबरात अंबाजोगाई तालुक्यातलं खापरटोण होतं, साताऱ्याच्या जायगावबरोबर विभागून. 2017 मध्ये स्पर्धा 30 तालुक्यांत गेली. पहिलं वर्ध्याचं काकडदरा, पण दुसऱ्या नंबरात धारूर तालुक्यातलं जायभायवाडी, आणि तिसऱ्यात बीड जिल्ह्यातलंच पळसखेडा. 2018 मध्ये 75 तालुके, पहिलं बक्षीस 75 लाख, ते साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या टाकेवाडीला. तिसऱ्या नंबरात आष्टी तालुक्यातलं आनंदवाडी. म्हणजे लागोपाठ 3 वर्षं बीड जिल्हा मंचावर होता. सातारा आणि बीड अशी चुरसच होती म्हणा ना.

आता मार्क कसे पडायचे ते बघू. इथे जरा सावकाश जातो, कारण सगळी मेख यातच आहे.

आधी प्रत्येक गावाने 5 जण ट्रेनिंगला पाठवायचे, त्यात बायका हव्यातच. ट्रेनिंग निवासी, 4 दिवसांचं. तिथे शिकवायचे काय? तर इंजिनिअर कॉलेजात जे शिकतो त्यातलं अगदी कामापुरतं. पहिली गोष्ट, माथा ते पायथा. डोंगराच्या डोक्यावरून काम सुरू करायचं आणि खाली ओढ्याकडे यायचं. उलट केलं तर काय होतं? तुम्ही खाली नाल्यात झकास बांध घातला, वरचा उतार उघडाच ठेवला. पहिल्या मोठ्या पावसात वरून पाण्याबरोबर माती येते, बांध गाळाने भरतो, नाहीतर फुटतो. आपला जिल्हा तर अर्धा बालाघाटावर आहे. आष्टी, पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई इकडचं पाणी उताराला लागलं की थांबत नाही.

दुसरी गोष्ट, समपातळी. उतारावर आडवे चर खणायचे, सलग समतल चर, ज्याला सगळे 'सीसीटी' म्हणतात. पण चर खरंच समपातळीत हवा. एक टोक जरा जरी खाली गेलं तर सगळं पाणी तिकडे धावतं, टोक फुटतं, आणि पाणी अडवायला काढलेला चरच नवी ओघळ होऊन बसतो. मग समपातळी शोधायची कशी? महागडं यंत्र कुठून आणणार? त्यासाठी ए-फ्रेम. तीन लाकडं किंवा पाइप इंग्रजी ए अक्षरासारखे बांधायचे, दोन पाय सारख्या लांबीचे. वरच्या टोकाला दोरी बांधून खाली दगड लटकवायचा, म्हणजे आपल्या गवंड्याचा ओळंबाच. दोरी आडव्या लाकडावरच्या मधल्या खुणेला टेकली की समजायचं, दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची, एक पाय फिरवायचा, पुन्हा बघायचं, पुन्हा फक्की. अशी पांढरी रेघ अख्ख्या डोंगराला वळसा घालत जाते. ती रेघ सरळ नसते, डोंगरासारखी वाकडी असते. सरळ रेघ दिसली की समजा कुणीतरी डोळ्याने मारलीय.

चर किती पाणी धरतो? समजा 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल आणि 10 मीटर लांब चर. गुणाकार केला की 1.8 घनमीटर, म्हणजे 1,800 लिटर. एका वेळी एवढंच. पण मोठा पाऊस झाला, भरला, जिरला, परत भरला, असं एका पावसाळ्यात अनेकदा होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार्क मात्र नुसत्या चरांना नव्हते. श्रमदानाला वेगळे मार्क, मशिनच्या कामाला वेगळे. अनघड दगडी बांध, गॅबियन, शेताची बांधबंदिस्ती, शेततळी, माती नाला बांध. शिवाय घरोघरी शोषखड्डे, झाडांची रोपवाटिका, पाण्याचं अंदाजपत्रक. आणि कामाच्या दर्जाला मार्क. घनमीटर भरले पण बांधाचा उतार चुकला तर मार्क गेले. मोजमापं घ्यायला बाहेरचे लोक यायचे, शेवटच्या टप्प्यात परीक्षक गावात फिरायचे. टीमने भरलेला अर्ज वाचून निकाल, असा मामला नव्हता. डिझाइन पुरस्कारांच्या जगात ही छोटी गोष्ट नाही, बरं का.

आणखी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या ऐकणाऱ्यांना पटकन लक्षात येणार नाही. तारखा. 2017 आणि 2018 ची स्पर्धा 8 एप्रिलला सुरू होऊन 22 मेला संपली. बीडमधून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि सगळे साखर पट्ट्यात, कर्नाटकापर्यंत. कारखान्यांचे पट्टे पडले की मार्च-एप्रिलमध्ये परत. म्हणजे फावडं हातात घ्यायला गावात माणूस असतो तो याच दिवसांत. पण हाच माणूस पाच-सहा महिने पहाटेपासून ऊस तोडून नुकताच घरी टेकलेला. त्याला कुणी म्हणायचं की चल आता फुकट खड्डे खणायला? आणि तरी लोक गेले. रात्री टॉर्च लावून गेले. 1 मेच्या महाश्रमदानाला शहरातून लोक आले, त्यांचे फोटो जास्त छापून आले, ते असो.

का गेले? 50 लाखांसाठी? हजारो गावांत बक्षीस मिळणार मोजक्यांना. हा हिशोब गावाला कळत नाही असं समजू नका. माझं मत विचाराल तर स्पर्धेने एक निमित्त दिलं. दोन भावक्या, ज्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, त्या शेजारच्या गावाला हरवायला एका चरावर उभ्या राहू शकतात. आणि हरलं तरी चर गावातच राहतो. ट्रॉफी एकाला, काम सगळ्यांकडे. पुरस्कार म्हणून ही रचना फार हुशार होती. कन्सल्टन्सीच्या समारंभात हरलेल्या टीमच्या हाती रात्रीचं जेवण सोडून काही येत नाही.

इथपर्यंत सगळं छान. आता वळण.

वॉटर कपचा निकाल पावसाळ्यात लागायचा, पण मार्क पडायचे ते मेअखेर पूर्ण झालेल्या कामाला. काय मोजलं? किती खणलं, कसं खणलं. म्हणजे पाणी धरायची क्षमता. वर्तमानपत्रात 'इतके कोटी लिटर' असं छापून येतं तेव्हा तो बहुतेक वेळा क्षमतेचा आकडा असतो. रिकामा हंडा 15 लिटरचा, हे खरं. पण हंड्यात पाणी आहे का, हा वेगळाच प्रश्न.

आणि 2018 ला नेमकं तेच झालं. मराठवाड्यात पाऊस कमी पडला. ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, बीड जिल्हा त्यात होता. 2019 चा उन्हाळा चारा छावण्यांचा आणि टँकरचा गेला, तो तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. चर सुरेख होते, भरायला पाऊसच नव्हता. याचा अर्थ काम फुकट गेलं असा नाही, जेवढं पडलं तेवढं तरी जिरलं. पण 'वॉटर कप जिंकला म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला' असं जे मथळ्यांमधून वाटत होतं, ते तपासायची वेळ आली.

दुसरी अडचण जमिनीखाली. आपल्याकडे खाली बेसाल्ट आहे, काळा खडक, थरांचा. वरचा मुरूम आणि झिजलेला खडक पाणी धरतो, अखंड काळा पाषाण जवळजवळ नाही. म्हणून एका विहिरीला पाणी आणि शंभर फुटांवरची कोरडी, असं आपण बघतो. शिवाय नाला खोल खोल करत गेलं की जो मुरमाचा थर पाणी धरून ठेवत होता तोच कापला जातो, आणि त्यातलं पाणी नाल्यात पाझरून वाहून जातं. सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेतल्या अशा खोलीकरणाच्या कामांवर अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले होते. पोकलेनचा तास मोजणं सोपं असतं, थर वाचणं अवघड.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि ती आपलीच. पाणी आलं, की करायचं काय? थोडा हिशोब करू, मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. समजा गावाचं शिवार 1,000 हेक्टर आणि पाऊस 600 मिलिमीटर. म्हणजे गावाच्या डोक्यावर 600 कोटी लिटर पाणी पडलं! ऐकायला केवढं वाटतं. त्यातलं पुष्कळ वाफ होऊन जातं, काही पिकाने लगेच घेतलं, काही वाहून गेलं, आणि थोडं खाली जिरलं. आता ऊस बघा. उसाला वर्षभरात साधारण दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. बीडचा सरासरी पाऊस साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे ज्या हेक्टरवर ऊस उभा आहे त्याला स्वतःच्या वाट्याच्या पावसाच्या दोन ते चार पट पाणी हवं. ते कुठून येणार? शेजाऱ्याच्या वाट्याचं. गावाने मिळून चर खणले, वरच्या आळीने घाम गाळला, आणि पाणी उतरलं ते खाली ओढ्याकाठी ज्याची विहीर आहे त्याच्या उसात. यात कुणी चोरी केली नाही. पण 45 दिवसांच्या मार्कांत हा प्रश्न बसत नव्हता.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव आपण सगळे घेतो. तिथे पोपटराव पवारांच्या काळात चर आणि बांध झाले हे खरं, पण गाव टिकलं ते नियमांवर. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, उसासारखी तहानलेली पिकं घ्यायची नाहीत, आणि दर वर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत ठरवायचं की यंदा रब्बीत काय पेरायचं. पाऊस कमी असेल तर मन मारायचं. या मन मारण्याला फोटो नसतो. अर्जाला जोडता येत नाही.

जलयुक्त शिवारबद्दल एवढंच सांगतो, कारण तिथेही गाव, तालुका, जिल्हा अशा पातळीवर पुरस्कार होते. 'कॅग'चा अहवाल 2020 मध्ये विधिमंडळात आला. सुमारे 9,600 कोटी खर्च. बीड धरून 6 जिल्ह्यांतली 120 गावं तपासली, आणि निष्कर्ष असा की पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा परिणाम फारसा दिसला नाही. कामं झाली नाहीत असं ते म्हणत नव्हते. कामं आणि पाणी यांचा मेळ बसत नव्हता.

मला वॉटर कपबद्दल सगळ्यात जास्त आदर का वाटतो ते आता सांगतो. 2019 ची चौथी स्पर्धा झाल्यावर पानी फाउंडेशनने वॉटर कप थांबवला. सगळीकडे नाव झालेलं, स्टेडियममध्ये बक्षीस समारंभ, मुख्यमंत्री येतायत, आणि थांबवला. 2020 च्या सुरुवातीला 'समृद्ध गाव स्पर्धा' आणली. 45 दिवसांऐवजी 18 महिने. जलसंधारणाबरोबर पाण्याचा वापर, मातीचं आरोग्य, गवताची कुरणं, झाडं आणि शेतकऱ्याचं उत्पन्न. कोरोनाने मध्येच अडवलं तरी चालू ठेवली. मग 2022 पासून 'फार्मर कप'. यात गाव नाही, शेतकऱ्यांचे गट. एकत्र बियाणं घ्या, एकमेकांच्या शेतात इर्जिक करा, खर्च कमी करा, नोंदी ठेवा. बघा कसा प्रश्न बदलत गेला: किती खणलं, मग किती टिकलं, मग शेतकऱ्याच्या हातात काय आलं. पुरस्कार देणाऱ्याने स्वतःच कबूल केल्यासारखं झालं की पहिली मोजपट्टी तोकडी होती. असं करणारे फार थोडे असतात. बाकीचे ट्रॉफी मोठी करतात.

मग बाहेर जगात कामं उशिरा मोजणारे पुरस्कार आहेत का? आहेत. अमेरिकेत तिथल्या वास्तुविशारदांच्या संस्थेचा एक पुरस्कार आहे, तो इमारत उभी राहून 25 वर्षं झाल्याशिवाय मिळतच नाही. पाव शतक गळली नाही, लोकांना हवीशी राहिली, तर बोला. आगा खान वास्तुकला पुरस्कार दर 3 वर्षांनी देतात. त्यांची अट अशी की प्रकल्प निदान वर्षभर वापरात हवा, आणि त्यांचे तज्ज्ञ जागेवर जाऊन वापरणाऱ्यांशी बोलतात.

पण एवढं करूनही गफलत होते, याचं उदाहरण आपल्या शेजारी, होळकरांच्या इंदुरात आहे. तिथे झोपडपट्ट्यांमध्ये गटारं, पाणी, रस्ते एकत्र आखायचा एक प्रकल्प झाला, अहमदाबादचे अभियंते हिमांशु पारीख यांच्या कल्पनेतला. कल्पना खरोखर सुंदर होती: झोपडपट्ट्या बहुतेक नैसर्गिक उतारावर, नाल्याकाठी असतात, तर त्यांना जोडूनच शहराची गटारव्यवस्था उभी करा. 1998 मध्ये त्याला आगा खान पुरस्कार मिळाला. आणि मग नियोजनकार गीता दिवाण वर्मा यांनी तिथे जाऊन लिहिलं की कित्येक घरं जोडलेलीच नाहीत, गटारं तुंबतायत, घाण उलटी येतेय. जगभर वाहवा, आणि गल्लीत नाक दाबून चालणारी माणसं. कल्पनेला मिळालेला पुरस्कार आणि नळीतून जाणारं पाणी यांच्यात देखभाल नावाची गोष्ट असते, आणि ती कुणाच्याच नावावर नसते.

जुनं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. स्कॉटलंडमध्ये टे नदीवर थॉमस बाउच या इंजिनिअरने लांबलचक रेल्वे पूल बांधला. जून 1879 मध्ये राणी व्हिक्टोरिया त्यावरून गेली आणि त्याच महिन्यात बाउचला 'सर' केलं. 28 डिसेंबर 1879 ला वादळात पुलाचा मधला भाग कोसळला, वर गाडी होती. सुमारे 75 माणसं गेली. चौकशीत मुख्य ठपका बाउचवर आला आणि पुढच्याच वर्षी तो वारला. वाऱ्याचा जोर डिझाइनमध्ये नीट धरलाच नव्हता. सन्मान मिळाला तेव्हा पुलाने एकही असं वादळ बघितलं नव्हतं, एवढंच.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट नमुना आहे. बीड शहराजवळची खजाना बावडी, म्हणजे खजाना विहीर. 16 व्या शतकातली, निजामशाहीतल्या सलाबत खानाच्या वेळची. जमिनीखालून काढलेल्या बोगद्यांमधून पाणी उताराने शेतांपर्यंत जाईल अशी रचना. पंप नाही, वीज नाही. शाळेच्या सहलीत आपण तिथे आत वाकून आरडाओरडा करतो आणि डबा खाऊन परत येतो. चारशेपेक्षा जास्त पावसाळे तिने काढलेत. तिच्यासाठी अर्ज भरणारी टीम आता हयात नाही.

बरं, मग समोर पुरस्काराची पोस्ट आली तर मी काय बघतो? आधी तारीख. काम कधी संपलं आणि पुरस्कार कधी. सहा महिन्यांचं अंतर असेल तर तो पुरस्कार आखणीला, वेळेत पूर्ण करण्याला, अवघड जागी काम उभं करण्याला मिळालाय असं मी समजतो. या गोष्टींनाही किंमत आहे. आपल्या नगर-बीड-परळी रेल्वेची मंजुरी 1995 च्या सुमाराची, आणि बीडला गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. 261 किलोमीटरच्या मार्गाला तीन दशकं झाली आणि परळी अजून पुढेच आहे. वेळेत काम करणाऱ्याला आपण तरी नावं ठेवू नयेत! मग बघतो की मोजलं कुणी, ज्याने बांधलं त्यानेच की बाहेरच्याने. आणि तिसरं, पुढची पाच वर्षं झाडलोट आणि दुरुस्ती कुणाच्या अंगावर आहे. गावाकडचा पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर बांधणाऱ्या ठेकेदारावर 5 वर्षं देखभालीची जबाबदारी असते, आणि रस्त्याकडेच्या फलकावर तारखा लिहिलेल्या असतात. त्या फलकाचा फोटो काढून ठेवा. खड्डा पडला की ट्रॉफीच्या फोटोपेक्षा तोच उपयोगी पडतो.

पाण्याच्या कामाचं तर तुम्ही स्वतःच मोजू शकता. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए, ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून 4 वेळा घेते: पावसाळा संपल्यावर, मग जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये. तुमच्या गावात किंवा शेजारी अशी विहीर असू शकते, ग्रामपंचायतीत विचारा. नसेल तर आपली विहीर आहेच. दोरीला दगड बांधा, काठापासून पाण्यापर्यंत किती फूट ते टेपने मोजा, तारीख आणि त्या वर्षीचा पाऊस शेजारी लिहा. एकट्या वर्षाच्या आकड्याला अर्थ नाही, कारण पाऊसच कमीजास्त असतो. तीन-चार मे महिने एकाखाली एक लिहिले की दिसायला लागतं, चर भरतायत की बुजलेत, आणि आजूबाजूला नवीन बोअर किती झाले.

वॉटर कपमध्ये उतरलेल्या गावातले कुणी ऐकत असाल, मग नंबर आला असो वा नसो, तर त्या चरांचा आजचा फोटो आणि मेमधली विहिरीची पातळी पाठवा. गाळाने बुजले असतील तरी पाठवा, लपवू नका. चांगले पंधरा-वीस आकडे जमले तर त्यावरच एक एपिसोड करू. पुढच्या वेळी शेततळ्याचा कागद, तो कशाचा असतो आणि उन्हात तडकतो का, यावर बोलतोय. चला, भेटू.